सरासरीची होडी

शके १८८९, फाल्गुन वद्य तृतीया, रविवार, दिनांक १७ मार्च १९६८ रोजी दुपारी बारा वाजता, मौजे आडबंदर, तालुका देवगड, जिल्हा रत्नागिरी येथील धक्क्याच्या सातव्या पायरीवर मी आणि डॉक्टर केशव बांदिवडेकर एकमेकांशी न बोलता उभे होतो. पायरी सातवीच होती, कारण आठवी पाण्याखाली गेली होती आणि मी मोजून उभा राहिलो होतो. डॉक्टर पुढे आयुष्यभर ती सहावी होती असे सांगत राहिले. परंतु जो मनुष्य रुग्णाची नाडी मोजताना खिडकीबाहेर पाहतो, त्याच्या मोजणीवर किती विसंबावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमच्या पायांशी वादग्रस्त वस्तू डुलत होती. बारा फूट लांबीची, एका शिडाची, आणि एका माणसाने बसल्या जागी चालवावी अशी होडी. ती आम्हा दोघांच्या मालकीची होती, आणि सगळ्या अनर्थाचे मूळ तेच होते.

वादाचा इतिहास थोडक्यात सांगतो. मी वकील. सोमवार ते शनिवार सकाळच्या एस.टी.ने तालुक्याच्या कोर्टात जावे आणि संध्याकाळी धुळीने माखून परत यावे, हा माझा क्रम. डॉक्टरांचा दवाखाना माझ्या घरासमोर, गल्लीपलीकडे. नऊ ते एक आणि चार ते आठ ते तिथे जखडलेले. दोघांनाही खाडी समोर दिसे आणि दोघांनाही तिच्यात जाता येत नसे. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही एका रविवारी चहा पिता पिता ठरवले की एक लहानशी होडी बांधून घ्यावी. मोठी नको. मोठ्या होडीला तांडेल लागतो, खलाशी लागतात, म्हणजे पुन्हा माणसे सांभाळणे आले. लहान होडीत एक काठी सुकाणूची आणि एक दोरी शिडाची. डाव्या हातात एक, उजव्या हातात दुसरी. तिसरा हात देवाने दिलेला नाही आणि त्या होडीला तो लागतही नाही.

आडबंदरात होड्या बांधणारा एकच, भिवा मेस्त. त्याची पद्धत अशी की शिंपी सदऱ्याचे माप घेतो तसे तो होडीसाठी माणसाचे माप घेई. एका सुतळीवर तीन गाठी मारी. पहिली गाठ खांद्यापासून मुठीपर्यंतची, म्हणजे सुकाणूचा दांडा किती लांब ते ठरे. दुसरी गुडघ्यापासून टाचेपर्यंतची, म्हणजे बसण्याची फळी किती उंच ते ठरे. तिसरी बैठकीपासून टाळूपर्यंतची, म्हणजे शिडाच्या खालचा वासा कुठे बांधला असता डोके फुटणार नाही ते ठरे. त्याने सुतळी हातात घेऊन आम्हा दोघांकडे पाहिले आणि विचारले, “माप कोणाचा घेव?”

येथे वाचकाने ध्यानात घ्यावे की डॉक्टर पाच फूट नऊ इंच होते आणि मी पाच फूट एक. माझ्या लग्नाच्या फोटोत मी पाटावर उभा आहे. तो पाट फोटोग्राफरने शिताफीने कापला, परंतु माझ्या सासऱ्यांच्या नजरेने तो कापता आला नाही.

मी म्हणालो, डॉक्टरांचे घे. डॉक्टर म्हणाले, वकिलांचे घे. हा सौजन्याचा प्रकार दहा मिनिटे चालला, आणि मग त्याचे वादात रूपांतर झाले. कारण दोघांच्याही लक्षात आले की ज्याचे माप त्याची होडी, हे उद्या कोणीही म्हणेल. शेवटी न्यायाला धरून तोडगा मीच काढला. दोघांची मापे घ्यावीत, बेरीज करावी आणि दोनाने भागावे. डॉक्टरांनी तो तत्काळ मान्य केला, आणि आमच्या मैत्रीच्या इतिहासात तत्काळ मान्य झालेला हा एकमेव प्रस्ताव होता.

भिवाने सुतळी दुमडली, पुन्हा उलगडली आणि विचारले, “वकीलानु, हो मदलो माणूस खंय रवता?”

आम्ही दोघे हसलो. अडाणी मनुष्य, त्याला सरासरी काय कळणार?

होडी झाली. सागाच्या फळ्या, उंडीच्या लाकडाच्या कमानी आणि पांढरे शीड. शीड माझ्या पत्नीने, कालिंदीने, आमच्या घरच्या यंत्रावर शिवले. होडी दिसायला देखणी होती आणि आम्हा दोघांपैकी एकालाही बसायला येत नव्हती. डॉक्टर बसले की त्यांचे गुडघे हनुवटीला टेकत. मी बसलो की माझे पाय अधांतरी लोंबत आणि सुकाणूचा दांडा चार बोटे दूर राही. मी तो छत्रीच्या मुठीने ओढत असे. वासा डॉक्टरांच्या टाळूला नेमका लागे. माझ्या डोक्यावरून तो एवढा उंच जाई की मला त्याचा धाक कधी बसलाच नाही, आणि ते पुढे महागात पडले.

दोन मालक आणि एक सुकाणू, म्हणून मी करारनामा तयार केला. कलमे चौदा. जाताना सुकाणू डॉक्टरांकडे आणि येताना माझ्याकडे. शिडाची दोरी, जिला तिथे दामण म्हणतात, ती याच्या उलट. दर तिसऱ्या रविवारी कालिंदीने प्रवासी म्हणून मध्ये बसावे आणि कोणत्याही पक्षाला सल्ला देऊ नये. कलम सात हे सर्वांत महत्त्वाचे होते. रविवार सोडून इतर दिवशी कोणत्याही पक्षाने दुसऱ्याच्या गैरहजेरीत होडी पाण्यात नेऊ नये.

आणि नेमके कलम सातच मोडले गेले.

गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी मी होडीचे शीड सोडले तेव्हा ते माझ्या घडीप्रमाणे नव्हते. मी शीड गुंडाळतो. ते चौकोनी घडी घालून, काठाला काठ जुळवून ठेवलेले होते. दामणीचे वेटोळेही उलट्या दिशेने घातले होते. नांगराच्या दोरीला ओला चिखल होता. मी मनाशी विचार केला. काठाला काठ जुळवून घड्या कोण घालतो? जो दिवसभर पट्ट्या आणि कापूस घडी करून ठेवतो तो. म्हणजे डॉक्टर. त्यांना तसे विचारले असता त्यांनी उलट मलाच विचारले की कोर्टाची कागदपत्रे चौकोनी घडी घालून कोण बांधतो? त्यांनी तेच शीड पाहून तोच निष्कर्ष काढला होता, केवळ आरोपी बदलून.

मी त्यांना नोटीस पाठवली, रजिस्टर पोस्टाने. दवाखाना समोर असल्यामुळे पोस्टमनने ती माझ्या ओसरीवरून घेऊन गल्ली ओलांडली. त्यांचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. त्यात माझ्या उंचीचा उल्लेख होता. त्यानंतर चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रविवारी होडीत समोरासमोर बसून, कराराप्रमाणे, एक जण सुकाणू आणि दुसरा दामण धरून, एक अक्षर न बोलता खाडी फिरत असू. कालिंदी आता होडीत न बसता धक्क्यावर थर्मास घेऊन बसे आणि आम्ही परतलो की दोघांना वेगवेगळा चहा देई.

गावात कोणाला विचारून खरे काय ते समजले असते, असे वाचकास वाटेल. परंतु आडबंदरात पाण्यावर जाणाऱ्याला कुठे निघालास म्हणून विचारायचे नाही आणि कोण गेले म्हणून सांगायचेही नाही, असा रिवाज आहे. विचारले तर जाणाऱ्याचे काम फसते. त्यामुळे त्या गावात कोणीही साक्षीदार मिळत नाही. हे मला व्यवसायामुळे आधीच ठाऊक होते.

अखेर गल्लीपलीकडे चिठ्ठ्या धाडून कोर्टात जायचे नाही असे ठरले. एका होडीसाठी दोन सुशिक्षित माणसे कोर्टात गेली तर तिथले पट्टेवालेही हसतील. शर्यत लावावी. अट अशी की एकट्याने, वल्ह्याला हात न लावता, खाडीच्या तोंडावरच्या घोडखडकाला वळसा घालून धक्क्याला परत यावे, आणि तेही भरती पूर्ण होण्याच्या आत, म्हणजे दीड वाजण्यापूर्वी. ज्याला जमेल त्याची होडी. दुसऱ्याने हक्क सोडावा आणि खाडीकडे पाठ करून चहा प्यावा. निवाडा भिवा मेस्ताचा, आणि तो अखेरचा.

तेव्हा प्रश्न निव्वळ होडीचा होता असे कोणी म्हणू नये. आठवड्याचे सहा दिवस मी ज्या एका वस्तूच्या भरवशावर एस.टी.त उभा राहत असे, ती वस्तू त्या दुपारी माझी राहणार होती किंवा जाणार होती. डॉक्टरांचीही तीच गत असावी. त्यांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली होती.

नाणेफेक डॉक्टरांनी जिंकली आणि ते आधी गेले. वायव्येचा खारा वारा नुकताच भरू लागला होता. पहिला टप्पा त्यांनी बरा काढला. दुसऱ्या वळणावर शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला घ्यायचे असते आणि तेवढ्यात माणसाने बूडही हलवायचे असते. तिथे दामण डॉक्टरांच्या डाव्या गुडघ्यात अडकली आणि वाशाने त्यांची हॅट खाडीला अर्पण केली. होडी वाऱ्याकडे तोंड करून, साक्ष विसरलेल्या साक्षीदारासारखी, जागच्या जागी उभी राहिली. मग वारा आणि भरती या दोघांनी मिळून तिला मागे मागे ढकलत आणले. डॉक्टर धक्क्याला परतले, परंतु पाठमोरे. पायरीवर पाय ठेवताच त्यांनी भिवाला बजावले की कोणत्या बाजूने परत यावे हे अटीत लिहिलेले नाही. भिवाने फक्त खडकाकडे बोट केले. खडकापर्यंत ते पोचलेच नव्हते.

बारा चाळीसला मी निघालो.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या बाजूचे नसले तरी सत्य आहे. दोन वर्षांत प्रथमच त्या होडीत विरुद्ध पक्ष नव्हता. मी छत्रीच्या मुठीने सुकाणू ओढले, दामण घट्ट केली, आणि होडी एका अंगावर कलून अशी निघाली की माझ्या तोंडातले अर्धे वाक्य तोंडातच राहिले. दामण हातात जिवंत होती. वारा वाढला की ती ओढ घेई, मी थोडी सोडली की समजूत पटल्यासारखी सैल पडे. फळीखालून पाण्याचा बारीक खळखळाट येत होता, आणि त्याला उत्तर देण्याची गरज नव्हती. मी आयुष्यात ज्या ज्या वस्तूला दोन शब्द सांगितले तिने मला चार ऐकवले. ही एकच अशी होती की बोट हलवावे आणि तिने ऐकावे. खडकावर चार पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मी त्यांच्या इतक्या जवळून वळसा घातला की एकाने पंख मिटले.

इथवर खटला मी जिंकला होता. परतीचा वारा पाठीमागून होता, भरती सोबत होती, आणि होडी आपण होऊन घरी निघाली होती. हात मोकळे झाले की माझे तोंड चालू होते. मी समोरच्या रिकाम्या फळीवर डॉक्टरांना कल्पिले आणि त्यांना उद्देशून समारोपाचे भाषण सुरू केले. मुद्दा पहिला, त्यांच्या उत्तरातला उंचीचा उल्लेख. मुद्दा दुसरा, कलम सात. मी तिसऱ्या मुद्द्यावर होतो तेव्हा होडी खाडीच्या मधल्या रेतीच्या दांड्यावर चढली.

धक्का तिथून दोनशे हात. पाणी गुडघ्याएवढे. वल्ह्याला हात लावायचा नाही, परंतु उतरून ढकलू नये असे अटीत नव्हते. ती त्रुटी मी स्वतःच राखून ठेवलेली होती. मी धोतर खोचले, उतरलो आणि ढकलले. माझे वजन कमी होताच होडी तरंगली, शिडात वारा भरला, आणि ती मला तिथेच ठेवून निघून गेली.

दामण सैल असल्यामुळे ती फडफडत, वाऱ्यावर आणि भरतीवर, सरळ धक्क्याकडे चालली होती. तिला माझी गरज नव्हती, हे मी त्याही वेळी नोंदवले. मग दुसरी एक गोष्ट नोंदवली. भरती पूर्ण झाली की त्या दांड्यावर डॉक्टरांच्या छातीएवढे पाणी होते. म्हणजे माझ्या नाकाएवढे. मला पोहता येत नाही.

रविवारची दुपार. गावच्या होड्या रेतीवर ओढलेल्या आणि त्यांचे मालक जेवून झोपलेले. माणसांची ने-आण करणारी तर पलीकडच्या काठाला. धक्क्यावर डॉक्टर हात हलवून भिवाशी बोलत होते. काय करावे यावर त्यांचे दोन पर्याय असावेत आणि ते दोन्ही मांडत असावेत. पायाखालची रेती खचू लागली आणि पाणी मांडीला लागले.

तेवढ्यात कालिंदीने थर्मास खाली ठेवला. पदर कमरेला खोचून ती पायऱ्या उतरली, आलेल्या होडीचे नाक धरले, ते फिरवले आणि आत पाय टाकला. मी कोर्टातल्या आवाजात ओरडलो की असा वेडेपणा करू नकोस. ती ऐकू येण्याच्या अंतरावर नव्हती. असती तरी निकालात फरक पडला नसता.

ती बसली, आणि होडी गप्प झाली. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. शिडाची फडफड थांबली. तिची पाठ ताठ, टाचा तळाला टेकलेल्या, आणि कोपर सुकाणूवर काटकोनात. पहिल्या वळणावर वासा तिच्या अंबाड्यावरून दोन बोटे अंतर ठेवून गेला. तिने मान वाकवलीसुद्धा नाही, कारण ती वाकवावी लागणार नाही हे तिला ठाऊक होते. वाऱ्याच्या उलट, डावे-उजवे करत, तीन वळणांत ती माझ्यापाशी आली. दामण सोडली आणि टांगा थांबावा तशी होडी माझ्या छातीशी थांबली, कारण एव्हाना पाणी छातीशी होते. तिने मला सदऱ्याच्या गळ्याला धरून आत घेतले.

मी भिजलेल्या अवस्थेत सवयीने सुकाणूकडे हात नेला.

“अहो, बसा,” ती म्हणाली. “आणि हात आत ठेवा.”

मी बसलो. धोतराचा सोगा पिळला. मग विचारले की हे कधीपासून.

“मार्गशीर्षापासून. तुमची एस.टी. गेली, त्यांचा दवाखाना उघडला, की दोन तास. त्यांच्या खिडकीतून दिसतं तेवढं पाणी सोडून.”

“शिकवलं कोणी?”

“तुम्हीच. तिसऱ्या रविवारी मध्ये बसवायचात ना? तुम्ही त्यांच्या चुका सांगायचात, ते तुमच्या सांगायचे. त्या सगळ्या सोडून जे उरलं ते मी केलं.”

शीड घडी करून तूच ठेवत होतीस का, हा प्रश्न विचारायचे मी टाळले. ज्या माणसाने अठरा वर्षे त्याच हातांनी घडी घातलेली धोतरे नेसली, त्याने तो विचारू नये. मी एवढेच म्हणालो की मग चार महिने आम्हाला भांडू का दिलेस?

“भांडण मिटलं असतं तर तुम्ही दोघं मिळून होडीला कुलूप लावलं असतंत.”

माझ्यासोबत आत आलेले पाणी मी ओंजळीने बाहेर टाकू लागलो. 

तिने मला पायरीवर उतरवले. भिवाला किती वाजले म्हणून विचारले. एक वाजून दोन मिनिटे. तिने मान हलवली, होडीचे नाक पुन्हा फिरवले आणि एकटी घोडखडकाकडे निघाली.

मी निथळत पायरीवर बसलो. डॉक्टर येऊन शेजारी बसले. त्यांनी स्वतःचा कोट माझ्या खांद्यावर टाकला आणि सवयीने माझी नाडी धरली. या वेळी ते खाडीकडे पाहत होते, तेव्हा मोजणी पुन्हा चुकली असणार. आम्ही दोघांनी ते पांढरे शीड लहान होत जाताना पाहिले. पाणकावळे उडाले नाहीत.

“होडी नेणारे तुम्ही नव्हतात तर,” डॉक्टर म्हणाले.

“तुम्हीही नव्हतात.”

“ती उंचीची ओळ मी मागे घेतो.”

“लेखी द्या,” मी म्हणालो, आणि चार महिन्यांत प्रथमच आम्ही हसलो.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी होडी पायरीला लागली, पुढच्या बाजूने. एव्हाना आम्हा दोघांनाही आपापल्या मालकीची आठवण झाली होती. आम्ही एकदम उठलो आणि आयुष्यातली पहिली संयुक्त हरकत नोंदवली. कालिंदी ही करारातील पक्षकार नाही. शर्यत दोघांत होती आणि ती अनिर्णित राहिली. सबब होडी पूर्ववत दोघांचीच. डॉक्टरांनी आधार म्हणून कलम दोन सांगितले. ते कलम तीन होते, परंतु त्या प्रसंगी मी दुरुस्ती केली नाही.

भिवाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग कनवटीची सुतळी काढली. दोन वर्षांपूर्वीचीच, तीन गाठींची, तेलाने काळी पडलेली. त्याने कालिंदीला विचारून ती तिच्या खांद्यापासून लावली. गाठ मुठीत आली. दुसरी त्याने लावलीच नाही. सुतळी गुंडाळून पुन्हा कनवटीला लावली आणि आमच्याकडे पाहिले.

“होडी वयनींची,” तो म्हणाला. “तुमका बसाचा आसला तर त्येंका इचारा.”